डालायच्या वेळी

हातातलं काम जरा वेळ खाली ठेवा. निवडायला घेतलेली तूर असेल, मोबाईल असेल, उद्याच्या बाजाराचा हिशोब असेल. जे असेल ते राहू द्या आणि परसात या. बसायला पाट घ्या, नाहीतर घडी घातलेलं पोतं चालेल. खुराडं डाव्या हाताला, लिंबाचं झाड समोर आणि पाठ भिंतीला. दिवसभर तापलेली भिंत अजून ऊब देते आहे. ती पाठीत उतरू द्या. खांदे सैल सोडा. आता अर्धा तास आपल्याला कुठंही जायचं नाही.

मी चुडाव्याची. पूर्णा आणि नांदेड यांच्यामध्ये, रुळाकाठी वसलेलं हे गाव. इथे संध्याकाळ घड्याळात बघावी लागत नाही. गुरं दावणीला येतात, तुळशीपाशी दिवा लागतो, चुलीचा धूर खाली खाली पसरतो आणि कुणीतरी कुंपणापलीकडून विचारतं, "कोंबड्या डालल्या का?" डालणं म्हणजे वेळूच्या कामट्यांचं डालं पालथं घालून त्याखाली कोंबड्या झाकणं. आता डाली कमी झाली, पत्र्याची आणि जाळीची खुराडी आली. शब्द मात्र तोच राहिला.

आज या एका प्रश्नापाशी बसू. परसात नऊ कोंबड्या आहेत. त्यातल्या आठ खुराड्यात जातात. एक जात नाही.

आधी उजेडाकडे बघा.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, जूनच्या शेवटी सातच्या सुमाराला. वर्षभरात ही वेळ सव्वा तास पुढेमागे सरकते आणि कोंबडी तिच्याबरोबर सरकते. सूर्य बुडाल्यावर 20-25 मिनिटं वापरण्याजोगा उजेड राहतो, मग अंधार भराभर दाटतो. आपण दिवा लावतो आणि आपला दिवस लांबतो. कोंबडीला ती 20-25 मिनिटं हीच शेवटची सवड असते.

तिचा दिवसाचा डोळा आपल्यापेक्षा श्रीमंत आहे. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही तिला दिसतो. पण अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी तिच्या डोळ्यात फार थोड्या. उजेड गेला की तिचं जग मिटतं. आपल्याकडची माणसं हे एका शब्दात सांगतात: कोंबडी रातांधळी असते.

आता तिच्या तुऱ्याकडे बघा. नुसतं बघत राहा. तो लाल आहे. थोड्या वेळानं तो विटकरी वाटेल, मग काळपट. उजेड कमी होताना आपल्या डोळ्यांतून लाल रंग आधी काळवंडतो, पानांचा हिरवा थोडा जास्त टिकतो. तुऱ्याचा लाल नेमका कधी गेला ते पकडायचा प्रयत्न करा. पकडता येणार नाही, पण तेवढा वेळ तुम्ही दुसऱ्या कशाचा विचार केलेला नसेल. कोंबडी रोज संध्याकाळी अशीच सगळी उजेडाला लागलेली असते. तिच्या मेंदूतल्या एका छोट्या ग्रंथीपर्यंत कवटीच्या पातळ हाडातूनही प्रकाश पोचतो. तो कमी झाला की झोप आणणारं द्रव्य तयार होऊ लागतं. घराकडे वळायची हाक तिला आधी आतून येते, मग आपली ऐकू येते.

श्वास सावकाश घ्या. एक श्वास आत, एक बाहेर. परसात आत्ता काय काय थांबतं आहे ते ऐका. उकिरडा उकरणं थांबलं. पंखांची फडफड थांबली. चोच जमिनीवर आपटायचा टकटक आवाज विरळ झाला.

आता मोजा, पण घाई नको.

म्हातारी काळी आधी येते. दारापाशी थांबते, मान वाकडी करून आत बघते आणि मग उडी घेते. तिच्यामागे दोघी. मग कोंबडा, तो एक फेरी मारून येतो. मग उरलेल्या चौघी, एकमेकींना ढकलत. आत थोडी कुरबुर होते, कुणाला चोच बसते, कुणी सरकते, मग शांत. नॉर्वेतल्या थॉरलिफ शेल्डेरुप-एबे या माणसानं लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि 1921 साली लिहून ठेवलं, की कळपात कोण कुणाला टोचणार याची पायरी ठरलेली असते. परसातल्या बायांना ती पायरी नावानिशी ठाऊक असते. रात्री ती दांडीवर दिसते. चांगली जागा कुणाची, कडेची कुणाची, हे रोज संध्याकाळी पुन्हा एकदा ठरतं.

आठ झाल्या. नववी वर आहे.

मान उचला. लिंबाच्या दुसऱ्या फांदीवर, खोडापासून हातभर अंतरावर ती बसली आहे. भुरी. अजून अंडं न घातलेली तलंग, आठवड्यापूर्वीच आणलेली. पिसं फुगवून गोळा झालेली.

तुमच्या मनात काय आलं ते बघा. माझ्या मनात आधी वैताग येतो. वर काठी हलवावी, खडा भिरकवावा, खाली पाडावी आणि विषय संपवावा. तुमच्याही मनात तसं आलं असेल तर येऊ द्या. ते काही वाईट मन नाही. दिवसभर राबलेलं आहे, त्याला चूल दिसते आहे. फक्त हात उचलू नका. तो वैताग एक-दोन श्वास तिथंच बसू द्या आणि तो कसा निवतो ते पाहा.

एका वर्षी मी अशीच एक कोंबडी वर राहू दिली होती. दोनदा हाक मारली, आली नाही, म्हटलं राहा तिथंच. सकाळी झाडाखाली पिसं होती. घुबड होतं की रानमांजर, कळलं नाही. त्या रात्री तिला काहीच दिसलं नसेल, एवढं मात्र आज कळतं. फांदीवरून खाली उडी घ्यायची तरी खाली काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी घरभर सांगत फिरले, की कितीदा बोलावलं, आलीच नाही. बोलावण्याच्या पलीकडे मी काही केलं होतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. ते विचारायला मला बरीच वर्षं लागली. आज आपण तेच विचारू: ती का येत नाही?

भुरीकडे पुन्हा बघा. या वेळी ती जिथं आहे तिथं तिचं काही चुकलेलं नाही, असं धरून बघा.

कोंबडीचे पूर्वज दक्षिण-पूर्व आशियातले लाल रानकोंबडे. दिवसा जमिनीवर चरायचं, रात्री झाडावर बसायचं, हा त्यांचा नेम. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार माणसाजवळच्या कोंबड्यांची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. आणि ती जवळीक जमली ती धान्यामुळे. माणसानं कोरडवाहू भात आणि भरड धान्यं पेरली, साठवली, सांडली. त्या दाण्यांमागे रानपाखरं खाली उतरली आणि हळूहळू माणसाजवळ राहिली. त्यांना कुणी काठीनं हाकून आणलं नव्हतं.

भुरीचे पाय बघा. पुरता उजेड असता तर पिवळे दिसले असते. कातडीचा हा पिवळा रंग लाल रानकोंबड्याचा नाही. तो आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असं 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आलं. म्हणजे चुडाव्यातल्या या लिंबावर बसलेल्या पाखराच्या अंगात दोन रानं आहेत. दोन्ही रानं तिला एकच सांगतात: अंधार पडायच्या आत उंच जा. ती तेच करते आहे. तिनं आपलं घर टाकलेलं नाही. आपण ज्याला घर म्हणतो ते अजून तिचं झालेलं नाही, इतकंच.

हे वाक्य मनात थोडा वेळ ठेवा.

आता उठा, पण सावकाश. खुराड्याच्या दारासमोर उकिडवे बसा. इतके खाली वाका, की तुमचे डोळे कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीला येतील. आत बघा.

काय दिसतं? परसात अजून उजेड आहे, आत मात्र अंधार झालेला आहे. दार म्हणजे एक काळं भोक. जिला अंधारात दिसत नाही, तिनं उजेडातून उठून त्या भोकात शिरावं असं आपण म्हणतो आहोत. जुन्या कोंबड्या शिरतात, कारण आत काय आहे ते त्यांना पाठ आहे. भुरीला काहीच पाठ नाही. मावळतीला पाखरू जिकडे उजेड जास्त तिकडे जातं, आणि आत्ता सगळ्यांत जास्त उजेड झाडाच्या शेंड्याकडे आहे.

आता पत्र्यावर हात ठेवा. चटका बसतो? परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत ती धग आत सोडत राहतो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं, ही तिची गार व्हायची मुख्य सोय. लिंबाखाली आपणही बाज टाकतो. मग ती लिंबावर गेली तर नवल काय?

आता वास घ्या. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला, तर तो विष्ठेतून उठणारा अमोनिया आहे. आपण दाराशी क्षणभर थांबलो. त्यांना रात्रभर त्यातच श्वास घ्यायचा आहे, तोही आपल्यापेक्षा खाली, जिथं तो वायू उठतो तिथं.

आता दांडीखाली बोट फिरवा. फटीत बारीक काही हलतं का? कोंबड्यांची लाल पिसवं आणि गोचिडी दिवसा फटींत दडतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात आणि पुन्हा दडतात. म्हणून दिवसा खुराडं स्वच्छ दिसतं. रात्री बॅटरी घेऊन बघा, नाहीतर पांढरं फडकं दांडीच्या खालून फिरवा. त्यावर लाल ठिपके उमटले, तर भुरीनं झाड का धरलं याचं उत्तर मिळालं. ज्या अंथरुणात ढेकूण आहेत तिथं आपण झोपलो असतो का?

आणि शेवटी दांडीवर बसलेल्या आठजणींकडे बघा. मधे जागा आहे का? सगळ्यांत खालच्या पायरीच्या नव्या पोरीला टेकता येईल इतकी?

पाच प्रश्न झाले: अंधार, उष्णता, वास, किडे आणि जागा. सहावा प्रश्न आपल्यासाठी आहे. तिला "चुकलेली" म्हणायच्या आधी यातला एक तरी आपण विचारला होता का? हा प्रश्न स्वतःला टोचायला विचारू नका. तो विचारला की हाताला काम मिळतं.

ते काम आता मनातल्या मनात करू. उद्या प्रत्यक्ष करता येईल.

उद्या सकाळी, कोंबड्या बाहेर पडल्या की खुराडं रिकामं करा. खालची विष्ठा खरडून काढा. रात्रभरात पडलेलं ते सगळं खत आहे, टाकायचं नाही. कुजवून मळ्याला जाईल. तळाला सोयाबीनचं भुसकट किंवा कोरडा भुसा पसरा. भेगा लिंपा, चुन्याचा हात द्या, दांड्या काढून उन्हात टाका. किडे फार झाले असतील तर औषध मनानं मारू नका, ते अंड्यात उतरू शकतं. गुरांच्या दवाखान्यात विचारा. आपल्या परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परसात एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवा. कोंबड्या त्यात लोळून आपलं अंग आपणच साफ करतात.

पत्र्यावर तुराट्या अंथरा, वर कडबा टाका. दोन बाजूंना, वरच्या अंगाला, बारीक भोकांची जाळी बसवा. वारा खेळेल, मुंगूस शिरणार नाही.

मग दांडी. दांडीला वेळ द्या, सगळं त्यावर आहे. साधारण दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली. बाभळीचा सरळ दांडा मिळाला तर उत्तम. फार बारीक नको, फार गुळगुळीत नको. एका कोंबडीला 8 ते 10 इंच जागा लागते. नऊजणींना एकूण सहा ते साडेसात फूट, म्हणून चार चार फुटांच्या दोन दांड्या. दोन्ही एकाच उंचीवर बांधा. एक वर, एक खाली अशा बांधल्या, तर वरच्या जागेसाठी रोज भांडण होतं आणि नवी पोर बाहेर ढकलली जाते. दोन दांड्यांमध्ये एक फूट अंतर, भिंतीपासूनही एक फूट, म्हणजे शेपटी घासणार नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट पुरे. अंगानं जड जातीच्या कोंबड्या असतील तर आणखी खाली. उंचावरून धपकन उतरताना त्यांच्या तळपायाला इजा होते आणि ती चिघळते.

अंडी घालायची खोकी दांडीपेक्षा खाली ठेवा. कोंबडीला उंचावर झोपायचं असतं. खोकं उंच असलं तर ती खोक्यात झोपेल, ते घाण करेल आणि सकाळची अंडी माखतील. नव्या तलंगी खोक्यात झोपायला लागल्याच, तर संध्याकाळी खोक्याचं तोंड पोत्यानं झाकायचं आणि सकाळी उघडायचं.

आता लिंबाकडे वळा. ती वर कशी गेली? भिंतीला टेकून ठेवलेल्या तुराट्यांच्या ढिगावरून कुंपणावर, कुंपणावरून फांदीवर. ढीग हलवा. झाडाला हात लावू नका. काहीजण अशा कोंबडीच्या एका बाजूच्या पंखाची पिसं कातरतात, म्हणजे उडताना तोल जातो. मी ते करत नाही. दिवसा कुत्रं मागे लागलं तर तीच उडी तिला वाचवते. एका सोयीसाठी तिची एक ताकद काढून घ्यावी, असं मला वाटत नाही.

पुन्हा जागेवर येऊन बसा. आता पुरता अंधार झाला आहे. तुमचे डोळे त्याला सरावले आहेत. भुरीचे सरावणार नाहीत. म्हणून ही तिला आणायची वेळ.

बॅटरी विझवा. तिच्या डोळ्यांवर झोत गेला तर ती बिथरेल. शिडी लावा, हलक्या पायानं चढा. चढताना तुमच्या ओळखीचा आवाज करत राहा. आम्ही "आ, आ, ती ती ती" म्हणतो. तुमच्या घरचा जो असेल तो. दोन्ही हात दोन्ही बाजूंनी घ्या, पंख मिटलेलेच धरा, उचला आणि छातीशी लावा.

इथं थांबा.

तिचं अंग किती गरम आहे ते जाणवू द्या. आपलं 37 अंश, तिचं 41 च्या वर. बोटांखाली तिचं काळीज थडथडतं आहे. कोंबडीचं काळीज एरवीही मिनिटाला 250 ते 300 वेळा चालतं. तुमचं त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शानं. तिला दिसत नाही, तुम्ही कोण आहात हे डोळ्यांनी कळत नाही. तिला कळतो तो फक्त हाताचा दाब. हात घाईचा आहे की नाही, एवढीच आत्ता तिची सगळी माहिती आहे. तुमचा श्वास जितका संथ, तितकी ती सैल पडत जाईल. घाई करू नका. तिची मान खाली येईपर्यंत तसेच उभे राहा.

आता तिला आत घ्या. दोन शांत कोंबड्यांच्या मधे. टोचकीच्या शेजारी नको. दांडी तिच्या पायांना पुढून लागू द्या. ती आपोआप पाय उचलेल आणि वर ठेवेल. मग ती बसेल. बसताना तिची बोटं दांडीभोवती मिटतात. तिची बोटं मिटताना तुमच्या हाताला कळेल. ती मिटली की तुमचा हात उघडा. आधी नको.

शेजारची काळी थोडी कुरकुरेल, सरकेल. मग दोघींची पिसं एकमेकींना टेकतील. दार लावा.

आता पुढच्या संध्याकाळींचा विचार करा. एकदा उचलून ठेवलं म्हणजे झालं, असं नसतं.

नव्या कोंबडीला चार-पाच दिवस, कधी आठवडाभर, बाहेर मोकळं सोडायचं नाही. खुराडं आणि त्याला जोडून सावलीतलं जाळीचं अंगण, एवढंच तिचं जग. आत पाणी, आत दाणे. उन्हाळ्यात नुसत्या पत्र्याखाली कोंडणं म्हणजे जीव घेणं आहे, म्हणून ते सावलीचं अंगण हवंच. त्या दिवसांत तिला काही शिकवायचं नसतं. रात्री ती कुठे डोळे मिटते आणि सकाळी कुठे उघडते, हे तिच्या अंगाला कळू द्यायचं असतं.

मग एका दिवशी, मावळायच्या तासभर आधी तिला सोडा. दूर जाण्याइतका वेळ नाही, थोडं चरून परत येण्याइतका आहे. दिवेलागणीला खुराड्यात एक मंद दिवा लावा, म्हणजे ते काळं भोक उजळेल आणि आतल्या दांड्या तिला बाहेरून दिसतील. वीज गेली असेल तर चार्जिंगची बॅटरी टांगा. सगळ्या बसल्या की दिवा विझवा. रात्रभर उजेड नको. त्यांनाही अंधार लागतो, झोप अंधारातच पुरी होते. आणि आत मूठभर ज्वारी टाका. संध्याकाळचा दाणा गळ्याखालच्या थैलीत राहतो आणि रात्रभर पुरतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्या दाण्यामागे ती माणसाजवळ आली, तोच हा दाणा. रोज त्याच वेळेला, त्याच आवाजात.

पहिल्या संध्याकाळी ती पुन्हा लिंबावर जाईल. अंधार झाल्यावर पुन्हा उचला, पुन्हा ठेवा. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती कुंपणावरच थांबेल. चौथ्या दिवशी दारापर्यंत येऊन परत फिरेल, आणि तुम्हाला वाटेल की सगळं फुकट गेलं. त्या संध्याकाळी मुद्दाम बसून राहा. ती परत फिरली हे खरं, पण ती दारापर्यंत आली हेही खरं. काही कोंबड्या आठवड्यात शिकतात, काहींना पंधरा दिवस लागतात. मोजायचंच असेल तर तिनं काय चुकवलं ते मोजू नका. आपण किती संध्याकाळी हजर होतो ते मोजा.

पिल्लांची गोष्ट वेगळी. खुडूक उठून पिल्लं निघाली, की आई कित्येक रात्री त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवरच बसते. उंच बसणं तिच्या रक्तात आहे, तरी ती खाली बसते, कारण पिल्लांना अजून चढता येत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांतच त्यांना वीतभर उंचीची दांडी मिळाली, तर ती चढउतार लवकर शिकतात आणि मोठेपणी जमिनीवर अंडी कमी टाकतात. मग एका संध्याकाळी आई वर जाते आणि वरून बोलावते. पिल्लं खाली चिवचिवतात, उड्या मारतात, पडतात, पुन्हा मारतात. ती खाली येत नाही आणि बोलावणं थांबवतही नाही. हे बघायला मिळालं तर बघा. किती दिवस खाली बसायचं आणि कधी वर जायचं, हे तिला कुणी सांगितलं नसेल.

आता शेवटचं. डोळे मिटा.

खुराड्यातून बारीक घरघर येते आहे. झोपायच्या आधी कोंबड्या असा आवाज करतात. नीट ऐकलं तर तो एकीचा नाही. एक करते, दुसरी उत्तर देते. हळूहळू उत्तरं लांबत जातात. एखादी एक डोळा उघडा ठेवून झोपेल. पाखरांना ते जमतं. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा राखण करतो. दार घट्ट लावलेलं असेल, कडी तपासलेली असेल, तर ती राखण थोडी कमी करता येत असेल, असं मला वाटतं. कडी पुन्हा एकदा हातानं बघा. डोळ्यांनी नको, हातानं. आज रात्री यांच्या वाट्याची राखण आपल्याकडे आहे.

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. झाकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. उजेड अडवायला कुणी कोंबडं झाकत नाही. तो येईपर्यंत ते सुखरूप राहावं म्हणून झाकतं. म्हणून संध्याकाळी दार लावणाऱ्या हातावर सकाळी ते उघडायची जबाबदारी असते, पहाटेच, ऊन चढायच्या आत. ज्या दाराची सकाळ चुकते, त्या दारात संध्याकाळी पाखरू शिरत नाही.

ही पुढची संध्याकाळ मी सांगते, तुमचीही अशीच येईल. सातवी असेल, बारावी असेल. तुम्ही पाटावर बसलेले आहात. आत दिवा आहे, ज्वारी टाकलेली आहे, हाका मारून झाल्या आहेत. काळी गेली, दोघी गेल्या, कोंबडा फेरी मारून गेला, चौघी ढकलाढकल करत गेल्या. भुरी कुंपणापाशी उभी आहे. तिनं लिंबाकडे बघितलं. तुम्ही काही करत नाही आहात, हात मांडीवर आहेत. ती चार पावलं येते, थांबते, मान वाकडी करते, आत बघते. आणि उडी घेते.

थोडी कुरकुर. थोडं सरकणं. मग शांत.

तुम्ही उठता, कडी लावता, हातानं बघता. कुंपणापलीकडून रोजचा आवाज येतो, "डालल्या का?"

आजवर आपण म्हणायचो, "डालल्या." आज तोंडून दुसराच शब्द येतो.

"आल्या."